फक्त कान असलेला फोन

माझ्या रिसीव्हरच्या खालच्या टोकाला सहा बारीक छिद्रं आहेत आणि त्यांच्यामागे काहीही नाही. इतर फोनांत तिथे बोलणं पकडणारी चकती असते. माझी काढून टाकलेली आहे. मित्रांनो, मी एक जुना, काळा फोन. मला कान आहे, तोंड नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी धडधाकट होतो. वॉशिंग्टनला आल्यावर एका तंत्रज्ञाने माझी चकती काढली आणि अध्यक्षांच्या दालनाला लागून असलेल्या छोट्या खोलीत मला ठेवलं. अध्यक्ष फोनवर बोलू लागले की इकडे मला उचलायचं आणि दोन्ही बाजूंचं बोलणं टिपून घ्यायचं, अशी तिथली रीत होती. मला उचलणाऱ्याचा श्वाससुद्धा तारेत जात नसे. यात आणखी एक गुण होता, तो फार थोड्यांना ठाऊक होता. साध्या फोनात आपल्याच खोलीतला आवाज आपल्या कानात परत येतो आणि दूरचे बारीक आवाज त्यात बुडून जातात. माझ्यात तसं होत नसे. समुद्रापलीकडच्या भिंतीवरचं घड्याळही मला ऐकू येई.

मला उचलत त्या विल्मा हॅरगेट. चौदा वर्षं त्यांनी मला उचललं. गालात पेपरमिंटची गोळी, समोर लघुलिपीची वही, शेजारी टोक केलेल्या तीन पेन्सिली. रोज सकाळी मऊ फडक्याने त्या मला पुसत.

"त्याला कशाला एवढं चमकवतेस गं?" फोनबोर्डावर कॉल जोडून देणारी डॉट म्हणायची. "तो काही तुझ्याशी बोलायचा नाही."

"म्हणूनच. या इमारतीत न बोलणारा हा एकटाच आहे."

टिपणांचा नियम कडक होता. टंकलेल्या प्रतीत फक्त शब्द घ्यायचे. खोकला, हसू, थांबणं वगळायचं. विल्माबाई नियम पाळत. मात्र स्वतःच्या वहीत, कुणी गप्प झालं की घड्याळाकडे पाहून सेकंदाला एक याप्रमाणे बारीक गोल काढत. ते गोल कधी कुणी मागितले नाहीत.

युद्धाचं तिसरं वर्ष चालू होतं. विल्माबाईंचा मुलगा रॉस आघाडीवर होता. त्याची पत्रं त्या माझ्याखाली ठेवत. पाच पत्रांइतका मी टेबलापासून उंच झालो आणि तिथेच थांबलो. सहा आठवडे सहावं पत्र आलं नाही.

बॉम्बफेक थांबवायची की नाही, हे अध्यक्ष कॉल्टरना ठरवायचं होतं. थांबवली आणि शत्रू बोलायला आलाच नाही, तर आपली माणसं उघड्यावर सापडतील, अशी त्यांना धास्ती होती. तीन आठवडे ते "उद्या सांगतो" म्हणत होते.

मंगळवारी दुपारी त्यांनी एका तटस्थ देशाच्या वृद्ध अध्यक्षांना, टोर्सेनना, फोन लावला. दोन्ही पक्षांचे निरोप तेच पोचवत होते.

"आम्ही विमानं थांबवली तर त्यांचा माणूस येईल का?" कॉल्टरनी विचारलं.

पलीकडे शांतता. कॉल्टर 'हॅलो, हॅलो' करत राहिले. मग टोर्सेन म्हणाले, "मला गुरुवारपर्यंत वेळ द्या."

टंकलेल्या प्रतीत हे एवढंच उतरलं. बुधवारी सकाळी सल्लागार प्रेंटिस ती प्रत वाचून म्हणाले, "वेळ मागतोय. म्हणजे माणूस नाही. चालढकल आहे सगळी." भिंतीपलीकडून विल्माबाईंना ते ऐकू आलं. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. चौदा वर्षांत त्यांनी न विचारता एक शब्द काढला नव्हता. त्या उठल्या, मधलं दार उघडून उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"साहेब, प्रतीत एक गोष्ट नाहीये."

"काय गाळलंत?" अध्यक्षांनी विचारलं.

"अकरा सेकंद. टोर्सेनसाहेब गप्प होते तेव्हा दोन कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. एक, आणि लगेच दुसरा. मग त्यांनी फोनवर हात ठेवला. हाताआडून दुसराच कुणीतरी हळू बोलत होता, आपल्या भाषेत नाही. त्याचं झाल्यावर त्यांनी वेळ मागितला. ज्याची आपण वाट बघतोय तो तिथे येऊन बसलाय, असं मला वाटतं."

प्रेंटिस मंद हसले. "तुमचा मुलगा तिकडे आहे ना, मिसेस हॅरगेट? आईच्या कानाला हवं तेच ऐकू येतं."

"म्हणूनच मी मोजलं, साहेब. नुसत्या आईने अकराचे वीस केले असते."

अध्यक्षांनी वही मागवून घेतली. गोलांवरून बोट फिरवत म्हणाले, "मला कसं ऐकू आलं नाही?"

"तुम्ही 'हॅलो, हॅलो' करत होता."

"तीस वर्षं बायको हेच सांगतेय," अध्यक्ष पुटपुटले.

मित्रांनो, आज मी तळघरातल्या एका कपाटात आहे. सहाही छिद्रांत धूळ बसली आहे. माझी वायर वाळली आहे, तिला कुणी हात लावला तर तुटेल. तक्रार नाही, जुन्या वस्तूंचं असंच होतं. मात्र जमलं तर माझ्यासारख्यांना कधीतरी पुसत जा. आणि समोरचा गप्प झाला की लगेच आपलं बोलणं त्यात ओतू नका. थोडं मोजा. त्या गप्पपणाच्या तळाशी कपांचा आवाज असू शकतो.

त्या बुधवारी, वही परत आल्यावर काही मिनिटांनी, शेजारच्या दालनातून फोन लागला. विल्माबाईंनी मला उचललं. पलीकडे सेनाप्रमुख होते.

"काय हुकूम, साहेब?"

पेन्सिलीने एक गोल काढला. दुसरा. तिसरा. वहीवर गोलांची ओळ सरकत गेली आणि सातव्या गोलावर थांबली.

"विमानं उतरवून ठेवा," अध्यक्ष म्हणाले. "आज दुपारपासून एकही बॉम्ब पडायचा नाही. आणि टोर्सेनना कळवा, टेबलावर आपल्या माणसासाठी तिसरा कप मांडायला सांगितलाय मी."