वांडाच्या मणक्यातली चकती

वांडा क्रुशेव्स्की आली ती दारावर काठी आपटतच. "माझी चकती कुठाय?"

फिलाडेल्फियातल्या आमच्या प्रयोगशाळेत माणसांच्या अंगातून काढलेले कृत्रिम सांधे येतात. आत असताना त्यांनी काय दिवे लावले, ते आम्ही बघतो. वांडा निवृत्त ट्राम ड्रायव्हर, वय एकाहत्तर. तिच्या कमरेतली चकती सोळा वर्षं आत राहून चार महिन्यांपूर्वी बाहेर आली होती. वरखाली धातूच्या ताटल्या, मधे प्लॅस्टिकचा बत्तासा.

"डॉक्टर म्हणतो, मी फार हलले म्हणून बिघडली. हलले म्हणे! अगं पोरी, चर्चमधला पुतळासुद्धा माझ्यापेक्षा जास्त हलला असेल."

मी बत्तासा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तिला पडद्यावर दाखवला. "हा मधला घुमट. भार सगळा ह्याच्यावर. बघा, जवळजवळ नवा आहे."

"आणि ही उंदरानं कुरतडलेली कड?"

"निर्जंतुक करताना ह्याच्यावर हवेतच किरणांचा मारा केला होता. तिथंच प्लॅस्टिक नासायला सुरुवात झाली. घुमट धातूखाली झाकलेला, म्हणून वाचला. कड तुमच्या अंगातल्या पाण्यात उघडी पडली, ठिसूळ झाली, तडकली."

"म्हणजे मी नाचले असते तरी चाललं असतं?"

"तसं छातीठोक नाही सांगता येणार. पण नुसतं बसूनही कड ठिसूळ झालीच असती."



"माझा नवरा दर रविवारी माझ्या बहिणीबरोबर पोल्का नाचतो," ती म्हणाली. "सोळा वर्षं! चकती झिजू नये म्हणून मी भिंतीशी बसून टाळ्या वाजवतेय. आणि ही मेली बसल्या जागी कुजली!" ती इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं. मग डोळे पुसले आणि नाक शिंकरलं.

आता तिथले दोन मणके स्क्रूंनी जखडले होते. "डॉक्टरांनी नाचायला परवानगी दिलीय का?" मी विचारलं.

"चालायला सांगितलंय. कुठल्या तालावर, ते नाही सांगितलं."

चकती मात्र तिनं नेली नाही. "अंगात असून कामाला आली नाही, कपाटात काय उजेड पाडणार?"

त्या रविवारी दुपारी तिनं मला त्यांच्या पोलिश समाजाच्या हॉलवर बोलावलं. अकॉर्डियन सुरू झालं तशी तिनं काठी बहिणीच्या हातात दिली. "धर, यादविगा. आणि बस जरा. दमली असशील."

"मी कुठं दमलेय?" यादविगा म्हणाली.

"सोळा वर्षांनी माणूस दमतं."

फ्रिज सरकवत न्यावा तशी वांडा नाचली. तिच्या नवऱ्याला, स्टॅनला, घाम फुटला. "हळू, वांडा, हळू!"

"तू गप रे. तुझा ताल चुकतोय."

अर्ध्या गाण्यात ती कमरेवर हात ठेवून खुर्चीत बसली.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"दुखतंय की," ती म्हणाली, आणि पुढचं गाणं जरा संथ वाजवा म्हणून सांगायला तिनं स्टॅनला अकॉर्डियनवाल्याकडे पिटाळलं.