तारखेआधी पिकलो नाही, हा माझा गुन्हा

मी सांगोल्याच्या माळावरच्या मारवेल गवताचा एक ठोंब बोलतोय. तुम्ही मला चारा म्हणता. माझ्यावर बसता आणि उठताना धोतर झटकता. असो.

माझं जगणं साधं आहे. उन्हाळ्यात मी वरून वाळतो. जीव मुळांत ठेवतो. पाऊस झाला की मुळांत साठवलेलं खर्चून पाती काढतो. मग काडी, तुरा, बी. बी पडलं, पाती पिकली, की सत्त्व पुन्हा मुळांत उतरतं. त्यानंतर मला खुशाल खा. हे सगळं पावसावर चालतं, आणि आमच्याकडे पाऊस कधी मृगात येतो, कधी थेट पूर्वा-उत्तरात. एवढी गोष्ट मेंढीलाही कळते. कचेरीला कळत नाही.

१९२७ साली माळाला तारेचं कुंपण आलं. पाठोपाठ सोलापूरहून यज्ञेश्वरपंत नावाचे कारकून आले. पायात मोजे, काखेत छत्री. त्यांनी हुकूम वाचला : कुरण दरसाल एक ऑक्टोबरला चरायला खुलं होईल. ही तारीख ज्याने ठरवली, त्याने मला कधी पाहिलंही नव्हतं.

दोन वर्षांनी पाऊस रुसला. पहिली सर पडली ती सप्टेंबरच्या दहाला. एक ऑक्टोबरला मी जेमतेम वीतभर, आणि पंत फाटक उघडायला हजर!

मेंढरांवर पोट असलेली मायाक्का आडवी आली. तिच्या मेंढ्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या, तरी म्हणाली, "रावसायेब, म्हैनाभर थांबा की. गवात अजून कवळं हाय. आत्ता खाल्लं तर बी पडायचं न्हाय, मुळं बी मरत्याल."

"बाई, तारीख आज आहे."

"तारीख तुमची. पावसाला कुटं ठावं हाय?"

पंत हसले. त्यांना वाटलं, अडाणी बाई विनोद करते आहे. फाटक उघडलं. शंभर गुरं आत घुसली.

मायाक्का आणि तिचा नवरा गुंडा यांनी मात्र ओढ्याकडचा कोपरा बाभळीच्या काट्यांनी वेढला. मी त्याच कोपऱ्यात होतो. गुरं घेऊन आलेला कोंडीबा ओरडला, "सरकारनं सोडलंय. तू कोण आडवनार?"

"आज चारशील रं," ती म्हणाली, "फुडल्या साली काय माती चारनार हाईस?"

कोंडीबाने शिवी हासडली, पण काट्याला हात लावला नाही. मायाक्काने मेंढ्यांना बाभळीचा पाला तोडून घातला. चार कोकरं मेली. ती रडली, पण वेढा काढला नाही. नोव्हेंबरात माझं बी पडलं, तेव्हा तिने स्वतः काटे बाजूला केले.

पुढच्या साली पाऊस वेळेवर आला. तरी चरलेल्या माळावर नुसती कुसळं उगवली. ती गुरांच्या हिरड्यांत रुतली. कोपऱ्यात मात्र आम्ही गुडघाभर. कोंडीबा खाली मान घालून आला. मायाक्काने त्याच्या गाईंना वाट दिली. एक शब्द ऐकवला नाही. मी तिच्या जागी असतो तर ऐकवला असता.

मग पंत आले. कोपरा पाहून खूश झाले. वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचलं : "ठरलेल्या तारखेच्या काटेकोर पालनामुळे गवतात उत्तम सुधारणा." पंतांना बढती मिळाली.

आज १९३६. पाऊस पुन्हा चुकलाय. तारीख चार दिवसांवर आहे आणि मी टाचेएवढा. गुंडा वारला. मायाक्काच्या गुडघ्यांत काटे ओढण्याचं बळ उरलेलं नाही. या खेपेला कोवळा खाल्ला गेलो, तर मी पुन्हा उठणार नाही; मुळांत तेवढा दम नाही. त्याचं मला काही नाही. पण तिच्या पंधरा मेंढ्या गाभण आहेत. त्यांनी जानेवारीत काय खायचं, हे पंतांनी वहीच्या कुठल्या रकान्यात लिहिलंय, तेवढं कुणीतरी तिला वाचून दाखवा.