नेहमीचं कारण

दोन वर्षं झाली होती, तरी कचेरीत तिला सगळे 'नवी'च म्हणत. तिच्यानंतर कोणाला घेतलंच नव्हतं, त्यामुळे हे बिरुद काढून दुसऱ्या कोणाच्या गळ्यात घालायची सोय नव्हती. नवीकडे अपघात, आगी, चोऱ्या आणि हरवलेली माणसं. रोज सकाळी अकराला तिने सहा पोलीस ठाण्यांना फोन करायचा, "काही विशेष?" म्हणून विचारायचं, पलीकडून हवालदार जे वाचून दाखवील ते टिपायचं आणि बाराच्या आत बातम्या हातावेगळ्या करायच्या. नावाला वार्ताहर, पण खुर्ची सोडायचं काम नाही.

शहराचं पान बघणाऱ्या दादांनी पहिल्याच दिवशी तिला अपघाताचा साचा दिला होता. कॉम्प्युटरवर 'अपघात' नावाची एक फाइल. तिच्यात बातमी तयारच असे. ठिकाण, वेळ, गाडी आणि मेलेल्यांची नावं एवढ्याच जागा रिकाम्या. बाकीची वाक्यं दादांनी कधीकाळी तरुणपणी लिहिलेली. त्यातलं दुसरंच वाक्य होतं, 'चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटल्याने हा अपघात झाला.' तिथे रिकामी जागा नव्हती. दोन वर्षांत नवीने त्या साच्यातून दीड-दोनशे अपघात काढले असतील. गाडी झाडावर आदळो, पुलावरून पडो, नाहीतर दुसरं कोणी येऊन ठोको, नियंत्रण सुटायचं ते चालकाचंच. गाडीत कधी काही बिघाड नसे. रस्ता तर बिचारा अगदीच निर्दोष.

हे कोणाला खटकलं नाही. तिलाही खटकलं नाही. संताप येतो तो याचाच.

बुधवारी दुपारी एक बाई थेट आत आली. हातात कात्रण होतं, घड्या पडून पडून मऊ झालेलं.

"हे कोणी लिहिलं?"

दादांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पेनाने नवीकडे खूण केली. खेळाचं पान बघणारा गडी, ज्याला कचेरीत 'स्कोअर' म्हणत, तो उगाच कागद चाळायला लागला. भांडायला आलेल्या माणसाच्या वाटेतून बाजूला कसं व्हायचं, हे कचेरीत सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

बातमी पंधरा दिवसांपूर्वीची. कारखान्यातल्या बायकांना घरी सोडणारी बस उतारावरून घसरत जाऊन नाल्यात कोसळली होती. दोघी जागीच गेल्या. चालकाचा पाय मोडला.

"ती बस माझा नवरा चालवत होता," बाई म्हणाली. "तुम्ही होता तिथे?"

"नाही."

"तिथे असलेल्या कोणाशी बोललात?"

"ठाण्यातून माहिती घेतली आम्ही."

"मग ठाण्यातून सांगितलं, की यांचं नियंत्रण सुटलं?"

नवीने "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि वही ओढली. तारीख सापडली. तिच्याच अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. ठिकाण, वेळ, बसचा नंबर, दोघींची नावं, वयं. कारण कुठेच नव्हतं. तिने पान उलटून मागेही पाहिलं. मागे हरवलेल्या म्हाताऱ्याचं वर्णन होतं.

"सांगा ना," बाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त झोंबत होतं.

मग तिने पिशवीतून एक पत्र काढून टेबलावर ठेवलं. बससेवेने चालकाची चौकशी लावली होती, सोमवारी सकाळी अकराला. पत्रात लिहिलं होतं, 'पोलीस पंचनामा व वृत्तपत्रात प्रसिद्ध झालेली माहिती पाहता आपले वाहनावरील नियंत्रण सुटले, हे स्पष्ट होते.'

"कामावरून काढतील ते काढतीलच," बाई म्हणाली. "दोन बायांच्या मरणाचं खापरही यांच्याच डोक्यावर. त्या बायकांची माणसं काल दवाखान्यात येऊन यांच्या तोंडावर थुंकून गेली. तुमचा पेपर हातात घेऊन आली होती."

ती गेल्यावर नवीने ठाण्यात फोन लावला.

"पंचनाम्यात कारण काय लिहिलंय हो, त्या बसच्या?"

"नेहमीचंच. नियंत्रण सुटलं," हवालदार म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? पंचनामा दोन दिवसांनी पुरा केला आम्ही. तोवर तुमच्या पेपरात आलंच होतं की. तुम्ही लोक जाऊन आला असाल, असं वाटलं."

नवीने फोन ठेवला. पोलिसांनी तिचं वाचून लिहिलं होतं, बससेवेने दोघांचं वाचून लिहिलं होतं, आणि या सगळ्याच्या मुळाशी होती सकाळी अकरा ते बारा साचा भरत बसलेली ती. सगळ्या जगाने तिच्यावर विश्वास टाकला होता, आणि तिने फक्त रिकाम्या जागा भरल्या होत्या.

संध्याकाळी ती दवाखान्यात गेली. चालक पन्नाशीचा, पाय वर टांगलेला. तिला बघून त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. बायकोने सांगितलं, "ही तीच." मग मात्र तो वळला.

"ताई, मी ब्रेकवर उभा राहिलो होतो. उभा! बुड सीटवरून उचललं आणि आख्खं वजन टाकलं. हा पाय त्यातच मोडला, नाल्यात नाही. गाडी ऐकेनाच. मागे बायका ओरडत होत्या. गेलेल्या दोघींतल्या एकीला मी तीन वर्षं रोज नेत होतो. ती उतरताना 'येते हं दादा' म्हणायची."

त्याच्या बायकोने गादीखालून तीन गुलाबी चिठ्ठ्या काढल्या. रोज गाडी ताब्यात घेताना चालकाने चिठ्ठी भरायची, पांढरी प्रत आगारात द्यायची, गुलाबी आपल्यापाशी ठेवायची, असा बससेवेचा नियम. अपघाताच्या आधीच्या नऊ दिवसांत तीनदा त्याने लिहिलं होतं, 'ब्रेक उशिरा लागतो. उतारावर भरवसा नाही.' तिन्हींवर आगाराचा शिक्का होता, 'मिळाले'.

"आणि पांढऱ्या?"

"सापडत नाहीत म्हणे," तो म्हणाला. "या गुलाबी पण मी मागाहून लिहिल्या, असं म्हणतात. शिक्का काय, कोणीही मारील म्हणे. पोलीस म्हणतात नियंत्रण सुटलं, पेपर म्हणतो नियंत्रण सुटलं. मी एकटाच काय तो खोटारडा."

नवीने चिठ्ठ्यांचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी आगारात जाऊन आली. तिथल्या कारकुनाने तिला दीड तास बाकावर बसवून ठेवलं आणि 'साहेब बाहेरगावी' म्हणून सांगितलं. साहेब मागच्या काचेतून चहा पिताना दिसत होते. तिने तेही लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने साच्याला हात न लावता बातमी लिहिली होती, आणि पहिल्याच परिच्छेदात कबूल केलं होतं, की या वृत्तपत्राने आधी दिलेलं कारण कोणीही सांगितलेलं नव्हतं.

दादांनी ती दोनदा वाचली.

"लिहिलंयस झकास," ते म्हणाले. "छापता येणार नाही."

"का?"

"बससेवा आपल्या वर्धापनदिनाच्या पुरवणीचं पहिलं पान जाहिरातीला घेते, हे एक. ते सोड, त्यांच्याशी मी भांडेनही एखादवेळ. पण आपणच छापायचं, की आपण मनाने लिहिलं होतं? उद्यापासून प्रत्येक अपघातातला माणूस दारात उभा राहील. कोणी सांगितलं म्हणून विचारील."

"विचारू दे ना! विचारायलाच पाहिजे!"

"ओरडू नकोस. सातव्या पानावर चार ओळींचा खुलासा टाकू. 'अनवधानाने' म्हणू. बससेवेचं नाव नको, चालकाचंही नको."

"दादा, कोणाचं नाव नाही, तर तो खुलासा कोणाचा?"

"आपला," दादा म्हणाले. "आपल्या अंगाशी येऊ नये म्हणून असतो तो."

दादा वाईट माणूस नव्हते. तिच्या आईच्या आजारपणात त्यांनी तिला आठ दिवस सुट्टी दिली होती आणि वर कोणाला कळू दिलं नव्हतं. म्हणूनच तिला जास्त चीड आली. वाईट माणसाला निदान शिव्या देता येतात.

घरी बाबा तिच्या बातम्या कापून वहीत चिकटवत. बाबा शिंपी, त्यामुळे कात्री कापडाची, आणि कात्रणं अशी सरळ की जणू पट्टी लावून कापलेली. बातमीवर तिचं नाव नसे, तरी कोणती तिची ते त्यांना बरोबर कळे. त्या संध्याकाळी तिने वही उघडली. अपघात, अपघात, अपघात. प्रत्येकात दुसरं वाक्य तेच. एकेका पानावर एकेक चालक, आणि तिला एकाचाही चेहरा ठाऊक नव्हता. यातला कोण ब्रेकवर उभा राहिला होता आणि कोणाच्या तोंडावर कोण थुंकलं होतं?

तिने वही भिंतीवर भिरकावली. बाबांनी मशीन थांबवलं.

"काय झालं गं?"

तिने सगळं सांगितलं. बाबांनी वही उचलून पुसली आणि कपाटात न ठेवता तिच्यासमोर ठेवली.

"माप चुकलं माझ्याकडून, तर मी उसवतो. कापडच कापून बसलो असेन, तर गिऱ्हाइकाच्या घरी जातो आणि तोंडाने सांगतो, की बाबा रे, माझ्या हातून गेलं. तुझं तर कापून झालंय."

"नोकरी जाईल, बाबा."

"जाईल," बाबा म्हणाले. ते तिला कधीच खोटा धीर देत नसत.

सोमवारी अकराला, ज्या वेळी तिने ठाण्यांना फोन करायचा, त्या वेळी ती बससेवेच्या कचेरीत चौकशीच्या खोलीबाहेर उभी होती. चालकाला खुर्चीवर बसवून आणलं होतं. बायको शेजारी. चौकशी अधिकारी बारीक अंगाचा, निवृत्तीला आलेला. त्याने गुलाबी चिठ्ठ्या बोटाने बाजूला सारल्या आणि कात्रण पुढे ओढलं. "इथे छापून आलंय," एवढंच तो म्हणाला. तेवढ्यात नवी आत शिरली.

"ते मी लिहिलंय. मला जबाब द्यायचाय."

"तुम्हाला बोलावलेलं नाही."

"माझा कागद बोलावलाय ना? मग मलाही ऐका."

अधिकाऱ्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "हे कारण तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही."

"पोलिसांनी?"

"पोलिसांनी माझ्या बातमीवरून लिहिलं. हवालदाराने मला तसं सांगितलंय. विचारा त्यांना."

"म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत?"

खोलीत सगळे तिच्याकडे पाहत होते. 'अनवधानाने' हा शब्द दादांनी आयता दिला होता, जिभेवर येऊन बसलाही होता. तिने तो गिळला.

"हो. खोटं. आम्ही प्रत्येक अपघातात तेच लिहितो. विचारत नाही."

अधिकाऱ्याने तिचं बोलणं उतरवून घेतलं, तिची सही घेतली. मग कात्रण उचलून क्षणभर हातात धरलं आणि फाइलमधून वेगळं काढून ठेवलं. ठाण्याकडे खुलासा मागायचा, आगाराच्या पांढऱ्या प्रतींचं पूर्ण पुस्तक हजर करायचं, तोवर चालकावर कारवाई नाही, असं त्याने लेखनिकाला सांगितलं. बससेवेचा माणूस काहीतरी बोलायला उठला. अधिकारी म्हणाला, "आता कागदच राहिला नाही माझ्याकडे. मी काय तुमच्या तोंडच्या शब्दावर निकाल देऊ?"

बाहेर व्हरांड्यात चालकाने तिचा हात धरला आणि सोडला. त्याची बायको मात्र तशीच उभी होती.

"मी आभार नाही मानणार तुमचे," ती म्हणाली. "त्या दिवशी एक फोन केला असतात, तर यांना ते सगळं सोसावं लागलं नसतं."

"नका मानू," नवी म्हणाली. तिलाही ते नकोच होते.

ती कचेरीत पोचली तेव्हा बारा वाजत आले होते. बातमी तिच्या आधीच पोचली होती. दादांनी मान वर न करता सांगितलं, "वर जाऊन भेट. कागद तयार आहे तुझा." आणि मग हळू आवाजात, "मला आधी सांगायचं होतंस, पोरी."

तिच्या खुर्चीवर स्कोअर बसला होता, घामाघूम. समोर हवालदारांकडून टिपलेले चार कागद.

"बरं झालं आलीस," तो म्हणाला. "तीन झाले, हा एक राहिलाय. ट्रक आणि रिक्षा. तुझी ती फाइल बंद झाली माझ्याकडून, सापडत नाहीये. कुठे ठेवतेस?"

नवीने त्याच्या खांद्यावरून वाकून माउस हातात घेतला. 'अपघात' सापडली. तिने ती पुसून टाकली, मग जिथे पुसलेलं साठतं तिथूनही पुसली.

"अगं! आता?"

पलीकडच्या टेबलावरून दादांनी हातातल्या मजकुरावरची नजर न काढता सांगायला सुरुवात केली. "घे. 'येथील अमुक रस्त्यावर तमुक वाजता झालेल्या भीषण अपघातात.' पुढे नावं टाक. पूर्णविराम. 'चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटल्याने...'"

साचा त्यांना तोंडपाठ होता. स्कोअरची बोटं चालू झाली.

नवीने कळफलक त्याच्या हाताखालून ओढून घेतला. ती स्कोअरकडे वळली.

"रिक्षावाला जिवंत आहे?" तिने विचारलं.

"मला काय माहीत?"

"कोणत्या दवाखान्यात आहे?"

"ते नाही विचारलं."

"मग विचार," ती म्हणाली. वर तिचा कागद वाट बघत होता, दादा आता तिच्याकडे बघत होते, घड्याळात बाराला चार मिनिटं होती. तिने फोन उचलून स्कोअरच्या हातात दिला, आणि तो नंबर फिरवेपर्यंत तिथून हलली नाही.