रानवंशाचं कार्ड

बिबट जिन्यात येऊन बसला, तेव्हा ऊर्जानगरातल्या माझ्या मुलाच्या क्वार्टरमध्ये आम्ही चौघं होतो. मी, माझी नात संघप्रिया, खालच्या मजल्यावरचा प्रफुल आणि संघप्रियाची मैत्रीण दिव्या. दिव्या कुरखेड्याकडची, गोंडी बोलणाऱ्या घरातली; इथं वीज केंद्रात ट्रेनिंगला आलेली. खाली वनखात्याची गाडी भोंग्यावरून सांगत होती, दारं-खिडक्या लावून घ्या, आम्ही सांगेपर्यंत उघडू नका. कुलरमधलं पाणी संपलं होतं आणि ते भरायला गॅलरीत जायची कोणाची छाती नव्हती.

दोन तास झाले. मोबाइलवर त्याच बिबट्याचे व्हिडिओ पाहून सगळे कंटाळले.

"आबाजी, तुमचा तो खेळ काढा ना," संघप्रिया म्हणाली.

तिला तो कधी सापडला, कोण जाणे. फासे टाकून, बोलत बोलत कल्पनेतल्या जगात फिरायचा हा खेळ मी चार वर्षं लपूनछपून तयार करत होतो. म्हाताऱ्याचा पोरखेळ म्हणतील, या भीतीनं कोणाला दाखवला नव्हता. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी झाली माझी. म्हणून खेळातली गावं, राक्षस, शस्त्रं, सगळं कॅटलॉगच्या कार्डांवर शाईनं लिहिलेलं. चपलांच्या खोक्यात ठेवलेलं. तेच खोकं आणून टेबलावर ठेवलं.

पहिला नियम वंश निवडण्याचा; प्रत्येक गुण दहा धरायचा आणि वंशाप्रमाणे त्यात अधिक-उणे. वंश तीन: गडवंशी, जलवंशी, रानवंशी. मोठा फासा पडेल त्यानं आधी निवडायचं. प्रफुलनं गडवंशी उचललं, संघप्रियानं जलवंशी. उरलेलं कार्ड दिव्याकडे गेलं. ती मोठ्यानं वाचू लागली.

"रानवंशी. बळ अधिक दोन. चपळाई अधिक एक. बुद्धी उणे दोन. लिहिता-वाचता येत नाही. वंश जन्मानं मिळतो, मरेपर्यंत बदलत नाही."

तिनं कार्ड खाली केलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"आबाजी, मी हे वाचून राह्यली, आन कार्ड म्हणते का मले वाचताच येत नाई."

प्रफुल हसला. "अवं, खेळ हाय तो."

"मंग तू घे हे. दे तुहं इकडं."

"मी काऊन देऊ? माहा फासा मोठा पडला."

"पाह्य, तुले बी नोको हाय," दिव्या म्हणाली. ती उठली, दारापाशी गेली, चपला घातल्या. कडीला हात लावला आणि तसाच राहू दिला. दाराच्या पलीकडे, आठ पायऱ्या खाली, तो बसलेला होता.

मी चहा करतो म्हणालो आणि स्वयंपाकघरात जाऊन नुसताच उभा राहिलो. दूध नव्हतंच. कुठून तरी छापून आणलेल्या एका इंग्रजी खेळाच्या पानांवर मी हे वंश बेतले होते. तिथं रानटी लोकांना बुद्धी कमी होती, म्हणून मीही कमी केली. छापलेल्या कागदापुढे माझं स्वतःचं डोकं कधी चाललंच नाही. छप्पन साली माझा बाप मला खांद्यावर घेऊन नागपूरला धम्मदीक्षेला गेला होता. जन्मानं चिकटवलेलं जे काही होतं, ते तो तिथं टाकून आला. आणि मी चार वर्षं बसून, वळणदार अक्षरात, तेच पुन्हा लिहीत होतो. लिहिताना एकदाही हात थांबला नाही. आता बाहेर जाऊन तिला काय सांगू? मला अशा वेळी बोलता येत नाही. आणि ही मुलगी गेली, तर या टेबलापाशी पुन्हा कोण येणार?

कपाटात ग्रंथालयातला एक शिक्का होता. फाटलेल्या, जुन्या पुस्तकांवर मारायचा 'रद्द'. निवृत्तीच्या दिवशी चुकून खिशात आला आणि लाजेनं परत केला नाही. पॅड वाळून गेलं होतं. त्यावर नळाचं पाणी टाकलं आणि बाहेर आलो.

तिन्ही कार्डांवर शिक्का मारला. प्रफुलच्या हातातलं ओढूनच घेतलं.

"आबाजी! माही अधिक दोन बुद्धी!"

"तशीही तुह्या उपेगाची नव्हती," संघप्रिया म्हणाली.

मी एक कोरं कार्ड दिव्यापुढे धरलं. "माझं चुकलं," एवढंच निघालं.

तिनं चपला काढल्या नाहीत. दाराशीच उभी राहून विचारलं, "बुद्धीचा आकडा आता कोण ठरवनार?"

"फासे. सगळ्यांचा."

तिनं तीन फासे घेतले, फरशीवर टाकले. एक, एक, दोन.

"अठरातले चार!" प्रफुल ओरडला. "उणे दोनचे आठ बरे होते वं!"

"चूप बस बे. हे फाशानं देल्लं. आबाजीनं नाई देल्लं."

ती हसली नाही. पण खाली बसली आणि भिंतीला टेकून कार्ड लिहायला लागली. आम्ही खेळलो. ती थांबली ती खेळासाठी की बिबट्यामुळे, हे मला कळेना.

साडेचारला भोंगा वाजला. बिबट पिंजऱ्यात गेला होता. प्रफुलनं दार उघडलं, गरम वारा आत आला. दिव्या उठली. तिनं आपलं कार्ड खोक्यात सर्वांत वर ठेवलं.

"आबाजी, हे माहं कार्ड कोनाले देऊ नोका," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.