फुकटची कोथिंबीर

धुळ्याच्या अमृतभाऊंनी हौसेनं नवाकोरा लॅपटॉप आणला आणि त्याच्या पाठोपाठ बिनबोलावल्या पाहुण्यांची पलटणच घरात शिरली. हिरे जुळवायचा खेळ आला, कोपऱ्यात नट्यांच्या बातम्या आल्या, परदेशातल्या हॉटेलांच्या सवलती आल्या. शिवाय 'रक्षक' नावाचा एक पहारेकरी, महिनाभर फुकट राखण करणारा आणि पुढे रोज धमकावणारा. घर आपलं, भिंत आपली, आणि जाहिराती चिकटवणारा भलताच. वा रे वा!

"अहो, हे सगळं काढून टाकू का?" त्यांच्या बायकोनं, रत्नानं विचारलं.

"काढू नको! बठ्ठं फुकट शे," भाऊ अहिराणीत गरजले.

भरिताची वांगी घेतली की वर कोथिंबीर मिळाल्याशिवाय भाऊ बाजारातून हलत नसत, आणि वर मिळालेलं टाकणं त्यांच्या लेखी पाप. तेव्हा लॅपटॉपला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला आणि रक्षक घरजावयाच्या थाटात मुक्कामाला राहिला.

रत्नानं नाद सोडला. तिचा जीव भाचीच्या बारशात अडकला होता. तिचा धाकटा भाऊ हितेंद्र कॅनडात असतो, त्याला मुलगी झाली होती. दोघांची आई मुक्ताईनगरची. ती गेली तेव्हाच रत्नानं मनाशी ठरवलं होतं, हितेंद्रला मुलगी झाली तर ती मुक्ता. नाव ठेवायचा मान आत्याचा, तो कुणाच्या बापाला हिसकावता यायचा नाही. बाळंतपणाला तिकडे गेलेल्या त्याच्या सासूबाई 'कायरा, कायरा' करत होत्या म्हणे. करू देत! हितेंद्रनं सांगून टाकलं होतं, "ताई ठेवेल तेच."

नाव मात्र तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, भाऊंनासुद्धा नाही. आत्यानं आधी नाव फोडायचं नसतं.

बारशाच्या दिवशी रत्ना नथ घालून, व्हिडिओ कॉल लावून लॅपटॉपपुढे बसली. मोठ्या पडद्यावर बघायला शेजारणी जमल्या, आत्याच्या पाठीत धपाटे घालायला त्यांचे हात शिवशिवत होते. तिकडे हितेंद्रनं फोन पाळण्यात बाळाच्या कानाशी ठेवला. रत्ना पुढे वाकली.

"कुर्रर्र..."

आणि पडदा लालभडक झाला. "सावधान! तुमचा संगणक धोक्यात आहे!" रक्षक ठणाणा ओरडला. रत्नानं 'नको' दाबलं. त्यानं विचारलं, "नक्की नको?" तिनं पुन्हा दाबलं. मग एक भलंमोठं हिरवं बटण आलं आणि त्याच्याखाली कळेल न कळेल असं फिकट 'आत्ता नको'. ते शोधायला तिला चष्मा लागला. तेवढ्यात घाबरलेल्या भाऊंनी हिरवं बटण दाबलं. झालं! लॅपटॉप बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला. 'कृपया थांबा, तुमच्यासाठी काहीतरी छान तयार करत आहोत.' गोल गोल फिरतंय आपलं.

रत्नानं आपल्या मोबाइलवरून फोन लावला. हितेंद्रचा फोन पाळण्यातच होता, कुणी उचलेना. शेजारणींचे हात मांडीवर आले. चहा झाला, पेढे झाले, तरी ते गोल फिरतच होतं.

शेवटी हितेंद्रचाच फोन आला. "ताई, मुहूर्त टळत होता गं. तू काय नाव ठरवलंयस, तेही ठाऊक नव्हतं. मग सासूबाईंनीच सांगितलं कानात. कायरा. चालेल ना?"

"छान आहे," रत्ना म्हणाली. आता दुसरं काय म्हणणार, कपाळ!

शेजारणी गेल्यावर भाऊ लॅपटॉपपुढे बसले आणि सगळ्यांना एकेक करून हाकलू लागले. पहिला मान रक्षकाला. जाता जाता त्यानं डोळ्यांत पाणी आणलेलं चित्र दाखवलं, "आमचं काय चुकलं? कारण लिहा." भाऊंनी बायकोकडे पाहिलं. रत्नानं लॅपटॉप ओढून घेतला आणि एकच शब्द लिहिला, 'मुक्ता'.

"धन्यवाद! तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे," रक्षक म्हणाला आणि गेला.

भाऊंना तेव्हा कळलं, नाव काय होतं ते. ते काही बोलणार, तोच कोपऱ्यात टिंग झालं. गुलाबी झबलं, त्यावर रेशमानं भरलेलं नाव. 'लाडक्या मुक्तासाठी, आत्याकडून. आजच मागवा!'

भाऊंचा हात ते मिटवायला पुढे झाला. रत्नानं तो धरला.

"राहू द्या," ती म्हणाली. "नाव घेतलं तेवढं ह्यानंच."