देगीची खोली

“नव्या हापिसाच्या सावलीला घर करू नको पोरी. सावली सरकती.”

वस्तीतल्या नागुबाई हे म्हणाल्या ते लातूर जिल्हा झाला त्या वर्षी. आम्ही विहारामागची वस्ती सोडून कलेक्टर कचेरीजवळ खोली घेत होतो. मी बी.ए. झालेली, सावल्या बघून घर कुठे ठरवणार! तिथे नळ होता, नालीवर फरशी होती, आणि आमचे हे कचेरीतच हंगामी कारकून, त्यामुळे चालत कामाला जाता येणार होतं. मी हसले आणि सामान टांग्यात चढवलं.

मग दुष्काळ आला. नळातून हवा यायला लागली. यांची हंगामी नोकरी त्या वर्षीच्या पावसासारखीच न सांगता गेली. आणि एका सकाळी घरमालक महादेवप्पा कपाळाला भस्म लावून, अतिशय गोड चेहऱ्यानं दारात उभे राहिले.

“ताई, तुमच्यासारखं भाडेकरू दिवा घेऊन हुडकलं तरी मिळायचं न्हाई. पण बँकेचं साहेब बदलून येऊन राहिलेत. त्यांना मी न्हाई कसं म्हणू, तुम्हीच सांगा.”

वस्तीतल्या आमच्या जुन्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलेलं, म्हणून आम्ही गावात खोल्या शोधत फिरलो. खोल्या मिळायच्या, आडनाव सांगेपर्यंत. आडनाव सांगितलं की कळायचं, ती कालच गेली. लातुरात त्या वर्षी काल फारच खोल्या गेल्या.

शेवटी यांनी वाटण्या केल्या. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, थोरल्या दिरांकडे रेणापूरला जायचं. मी लेकीला घेऊन माहेरी हदगावला. हे मित्राच्या दुकानात पथारी टाकणार. अडचण एकच होती. आमची चिमी रात्री आजीच्या कानाची पाळी धरल्याशिवाय झोपत नसे. लेकरू हदगावला आणि कान रेणापूरला, हे कसं जमायचं?

लोकांना मात्र हवापालटाला जातो म्हणून सांगायचं ठरलं. दुष्काळात, हदगावला, हवापालट!

गाठोडी बांधायला सुतळी हवी होती, म्हणून मी वस्तीत गेले. नागुबाई ओट्यावर अंबाडी निवडत बसल्या होत्या.

“जय भीम मावशी. सुतळी आहे का जरा?”

“जय भीम. कशापायी?”

“असंच.”

“असंच सुतळी कुणी न्हेत न्हाई. बस खाली.”

मी बसले, आणि बसल्याबरोबर रडत रडत सगळं सांगून टाकलं. त्यांनी भाजी बाजूला सारली, पदर खोचला आणि गल्लीत अशी हाक दिली की विहाराच्या पिंपळावरची पाखरं उडाली.

विहारामागे एक खोली होती. वस्तीच्या लग्नांची भांडी तिच्यात ठेवत. नागुबाईंनी फर्मान काढलं, “भांडी घराघरात न्या. खोलीत हे बिऱ्हाड ऱ्हाईल.” बायका जमल्या आणि भाजीबाजार भरल्यासारखा कालवा सुरू झाला.

“मला झाकणं द्या गं, कढई नको.”

“मी नेते कढई. आमच्या मालकापरीस बरी, घोरत तरी न्हाई.”

“हाव, आन् दारू बी पीत न्हाई!”

दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. उरली फक्त देग, लग्नाचं वरण शिजवायची तांब्याची. तिच्यात चार माणसं बसून पत्ते खेळू शकली असती. ती कुणी नेली नाही, कारण ती दारातून निघतच नव्हती. ही खोली वस्तीतल्या गवंडी केरबामामांनी बांधलेली. बांधताना देग पावसात नको म्हणून आत ठेवली, आणि मग तिच्याभोवती भिंती उभ्या केल्या. “दार पुरतंय,” असं म्हणत. तेव्हापासून वस्तीत वरण भाड्याच्या देगीत शिजायचं, आणि प्रत्येक पंगतीत कुणीतरी विचारायचं, “मिस्त्री, ताट मावतंय न्हवं दारातून?”

आम्ही सामान आणलं. ट्रंक ठेवली, चूल मांडली, अंथरुणं टाकून बघितली. देग, आम्ही दोघं, चिमी. झालं, खोली भरली.

 आत्याबाईंनी देगीकडे बघितलं, अंथरुणांकडे बघितलं, आणि आपलं गाठोडं उचललं.

“मी जाते रेणापूरला. तुमचं तिघांचं भागतंय. मी काय, म्हातारी.”

“आई, थांब की,” हे म्हणाले. त्यांनी ट्रंक सरकवून बघितली, पण आणखी एका अंथरुणाला जागा निघेना. चिमी आजीच्या लुगड्याला लटकली.

दारातून नागुबाईंचा आवाज आला, “कोंडाबाई, ठेव ते खाली. देग जाईल, तू न्हाई. केरबा! आण तुझी पहार.”

केरबामामा आले, पण अडून बसले. “भिंत पाडायला काय लागतंय? पण परत उभारायला माती कालवावी लागंल. प्यायला पाणी न्हाई, भिंतीला कुठून आणू?”

“प्यायचं कोण मागून राहिलं? सांडपाणी आणा गं!”

मग जो तो आपापलं घेऊन आला. तांदळाचं धुवण, आंघोळीखालचं साबणाचं पाणी, कुणाचं कपड्यांचं. मी बादल्यांवर डोळा ठेवून होते. नागुबाईंच्या बादलीवर मी ओरडलेच, “मावशी, ह्यात दुपटी धुतलीत! चिमी भिंती चाटते!”

“तुझ्याच पोरीची दुपटी हायेत बाई, सकाळी मीच धुतली. तिचं तिलाच.”

गल्ली हसून हसून वाकली. मीसुद्धा, कितीतरी दिवसांनी.

भिंत पडली. देग बाहेर निघाली आणि पोरांनी डबे वाजवत तिची वरात काढली. केरबामामा पुढे, नवऱ्यामुलासारखे लाजत. विहाराच्या अंगणात तिला ठेवलं आणि टँकरचं पाणी तिच्यात साठवायला लागले. भिंत चार दिवसांत उभी राहिली. त्या चार दिवसांत आम्ही साडी आडवी बांधून झोपलो, चौघंही. वारं आलं की साडी फुगायची आणि आत्याबाई झोपेत म्हणायच्या, “कोण हाय?”

दोन वर्षं राहिलो त्या खोलीत. पावसाळ्यात भिंतीला साबणाचा वास यायचा. यांना नांदेडला कायमची नोकरी लागली तेव्हा चौघंच निघालो, एकाच टेम्पोत. आमच्यानंतर तिथे एक रोजगार हमीवरचं कुटुंब आलं.

आता नांदेडात आमच्या समोर उमाबाई राहतात. त्यांच्या यजमानांचं दुकान दिवाळीपासून बंद आहे. परवा मला म्हणाल्या, “पोरांना किनवटच्या वसतिगृहात टाकतोय. शिस्त लागती.” धाकटा जेमतेम सहा वर्षांचा आहे. आणि त्या हसत होत्या, जरा जास्तच. आज संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन बसणार आहे.

तुमच्याही समोर कुणीतरी असेल, सगळं छान चाललंय असं फार वेळा सांगणारं. साखर मागायच्या निमित्तानं का होईना, जरा डोकावून या ना.