दीड बोटाचं भूत

त्या दुपारी स्पर्शबाबांच्या दरबारात एकूण अकरा मेलेली माणसं हजर झाली. जिवंत दोनशेच्या आसपास असतील. त्यांच्यासाठी सतरंज्या होत्या. मेलेल्यांना जागा लागत नव्हती, ते थेट करंगळीत उतरत होते.

दरबार भरायचा बंद पडलेल्या टायपिंग क्लासात. बाबांची पद्धत साधी होती. समोर आलेल्याने डोळे मिटायचे, कोपर वाकवून तळहात कानापाशी न्यायचा, फोन लावल्यासारखा, आणि गेलेल्याचं नाव मनात घ्यायचं. बाबा त्याचं कोपर खालून तळहातावर झेलायचे.

"आधार देतो मी," ते सांगायचे. "मेलेल्याचं वजन फार असतं हो."

मग दोनशे माणसं श्वास धरून बसायची. पंख्याची करकर तेवढी ऐकू यायची. बाबा हळूच विचारायचे, "आले?"

समोरच्याचा हात शहारायचा. कोपरापासून बोटांपर्यंत काहीतरी सळकन जायचं आणि करंगळीला कुणीतरी पकडल्यासारखं व्हायचं. त्या दिवशी एका निवृत्त लिफ्टमनची आई आली. सत्तरीचे काका सगळ्यांसमोर लहान मुलासारखे रडले.

"लहानपणी करंगळी धरूनच चालायला शिकलात ना?" बाबा म्हणाले. "मेलेला माणूस त्याच वाटेने परत येतो. अंगठा धरून कुणी कुणाला चालायला शिकवल्याचं ऐकलंय का?"

कुणीच ऐकलं नव्हतं. 

पहिल्या रांगेत घड्याळजीची विधवा बसली होती. गल्लीत सगळे तिला वहिनी म्हणत. तिला आता डोळे मिटावे लागत नव्हते की नाव घ्यावं लागत नव्हतं. तिचा नवरा बोलावण्याची वाट न बघता यायचा, आणि अलीकडे तर जायचाच नाही. बाबा तिला मुद्दाम उभी करत. "बघा ही भाग्यवान! हिचे मालक हिचा हात सोडायला तयार नाहीत." असं म्हणताना बाबा हात वर करत, तेव्हा त्यांच्या मनगटावर तिच्या मालकांचंच घड्याळ चमके. मृताची वापरातली वस्तू दरबारात ठेवायची, असा नियम होता. दरबारातून ती मनगटावर कशी चढते, याचा नियम नव्हता.

नवऱ्याला जाऊन आठ महिने झाले होते. लग्नानंतर त्यानेच तिला घड्याळं उघडायला शिकवलं होतं. बावीस वर्षं दोघं शेजारी शेजारी बसली: तो मोठ्या टेबलाशी, ती लहान टेबलाशी. तो गेला आणि तिने आपलं टेबल बाजूला सारून त्याच्या जागेवर बसायला सुरुवात केली. तिथलं काहीही हलवायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं. त्याचं भिंग, त्याचा चिमटा, त्याची खुर्ची, सगळं जिथल्या तिथे.

तो उंच होता. ती त्याच्या खांद्याला लागायची. त्याच्या टेबलाशी काम करताना तिचं उजवं कोपर थेट कडेवर यायचं, आणि त्या कडेला, स्क्रू घरंगळून जाऊ नयेत म्हणून, त्याने पितळेची पट्टी ठोकलेली होती. पण आठ-आठ तास बसताना तिच्या मनात पट्टीचा विचार येत नव्हता. करंगळीत ऊब आहे की गारवा, हे तिला कळत नव्हतं. काहीतरी आहे, एवढंच कळायचं. भिंतीवरची वीस घड्याळं टकटकत असायची आणि त्या आवाजात कुणीतरी अगदी जवळ बसलंय, असं वाटायचं. ती मान वर करत नसे. वर केली तर तो उठून जाईल, अशी तिला भीती वाटे.

चिमट्यातून स्क्रू मात्र निसटायला लागले होते. आधी आठवड्यातून एखादा, मग दिवसाला चार. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधला मांसाचा उंचवटा बसून तिथे खळगा पडला होता. तिने बाबांना दाखवला.

"डॉक्टरकडे जाऊ नकोस," बाबा गंभीर झाले. "डॉक्टर हात सोडवून देईल. मग ते परत येणार नाहीत. उलट रोज अर्धा तास कोपर वाकवून नामस्मरण कर, आणि झोपताना हात तसाच उशीखाली घे."

ती तसंच करत होती. हात राहिला तर नवरा जाणार आणि नवरा राहिला तर हात जाणार, हे तिला समजत होतं. तिने कोणाला निवडलं, ते सांगायला नकोच.

तिची नणंद मोठ्या दवाखान्यात प्लास्टर घालायचं आणि कापायचं काम करायची. आवाज प्लास्टर कापायच्या करवतीसारखा. महिनाभर बाहेरगावी होती. आली ती थेट दुकानात शिरली आणि खळग्याकडे बघून तिथेच थबकली.

"वहिनी, हे काय?"

"तुझा दादा."

"माझा दादा?"

वहिनीने सगळं सांगितलं. नणंद ऐकत राहिली, हे तिच्या बाबतीत नवलच. मग म्हणाली, "रस्त्यात तुझा हात धरायला लाजायचा तो. दहा पावलं पुढे चालायचा. आणि आता मेल्यावर चोवीस तास करंगळी धरून बसलाय? एवढा रसिक कधी झाला गं?"

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही. आण तो डावा हात. तो चांगला आहे ना?"

तिने वहिनीचं डावं कोपर वाकवलं, आतल्या बाजूचं टोकदार हाड चाचपलं, त्याच्या मागच्या खोबणीत अंगठा टेकवला आणि दाबला. वहिनीच्या डाव्या करंगळीत सळकन वीज गेली.

"आले!" तिच्या तोंडून निघून गेलं.

"कोण?"

"हेच. तू कुणाचं नाव घेतलंस?"

"कुणाचंच नाही. संध्याकाळी भाजी काय करावी, याचा विचार करत होते."

वहिनी हसली नाही.

"बघ," नणंद खुर्ची ओढून बसली, "मानेपासून एक नस निघते. दंडाच्या आतल्या बाजूने खाली उतरते. सगळ्या वाटेवर तिला मांसाची गादी आहे, फक्त इथे, या हाडामागे नाही. इथे ती कातडीखाली उघडी पडलेली असते. हात वाकवला की ताणली जाते, दाबला की ओरडते. दुखणं इथलं, बोंब करंगळीत. बाबांचा तो आधार आहे ना, त्यातला अंगठा कुठे असतो ते बघ. आणि तुझं तर बाबावाचूनच चाललंय. दादाची पट्टी दिवसभर तेच काम करतेय."

"म्हणजे ते हे नव्हतेच?"

"नाही गं."

"तू जा," वहिनी म्हणाली. "तुझ्याकडे आठ महिन्यांत ते कधी आले नाहीत म्हणून तुझा जळफळाट होतोय."

नणंदेचा चेहरा उतरला. "होतोय," ती म्हणाली. "माझाही भाऊ होता तो." आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने दुकान उघडलं, पण काम काढलं नाही. नणंदेला खोटं पाडायचं म्हणून तिने चिमट्याच्या टोकाने स्वतःच्या उजव्या हाताची बोटं तपासायला घेतली. करंगळी: सगळी बधिर. मधलं बोट: सगळं जागं. मग अनामिका. करंगळीकडची बाजू बधिर होती, मधल्या बोटाकडची जागी. ती टोक केसाएवढं इकडे, केसाएवढं तिकडे सरकवत राहिली. बोटाच्या बरोबर मधून, एखाद्याने पट्टी ठेवून आखावी तशी, सरळ रेघ होती.

दीड बोट.

तिने पुन्हा तपासलं. तिसऱ्यांदा तपासलं. बावीस वर्षं ती केसाएवढ्या फरकाने मागेपुढे जाणारी यंत्रं दुरुस्त करत आली होती. तिला भुताबद्दल काही माहीत नव्हतं, पण नवऱ्याचा पंजा माहीत होता. हात धरणारा माणूस एखादं बोट धरेल, दोन धरेल, सगळी धरेल. अर्धं बोट धरून अर्धं सोडणारा हात कुणाचाच नसतो.

ती टेबलावर डोकं ठेवून रडली. दुकानात घड्याळं होती आणि ती एकटी होती.

मग तिने नणंदेला फोन केला. "तीनला दरबार असतो."

दरबारात नणंद शाल लपेटून बाबांसमोर बसली. "माझा भाऊ वहिनीकडे रोज येतो. माझ्याकडे का येत नाही?"

"येईल की!" बाबांनी शालीसकट तिचं कोपर झेललं. पंखा करकरला. "आले?"

"नाही."

बाबांनी पकड बदलली. शालीखालून टक असा आवाज झाला. "आता?"

"नाही हो."

"श्रद्धा कमी पडतेय बाई तुमची!"

"श्रद्धा भरपूर आहे," नणंद म्हणाली. "प्लास्टरपण आहे." तिने शाल बाजूला केली. कोपराला पांढरंशुभ्र प्लास्टर होतं. "अंगठा पोचला नाही तर माझा भाऊ येत नाही, हे कसं काय?"

"नास्तिक! पापी!" बाबा उठून उभे राहिले. "बाहेर काढा हिला!"

दोघे-तिघे धावले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून वहिनी उठली. ती बाबांशी बोललीच नाही. शेजारच्या बाईचं कोपर तिने हातात घेतलं, हाड चाचपलं आणि अंगठा बरोबर खोबणीत बसवला. घड्याळं दुरुस्त करणारा अंगठा. त्याला जागा शोधावी लागत नाही.

"अगं आई गं! आले!"

"कोण आलं?"

"सासरे बहुतेक."

"मी दाबलं, मावशी."

ती दुसऱ्याकडे वळली. तिसऱ्याकडे. रांगेने पुढे जात राहिली. कुणाचा भाऊ येत होता, कुणाची लेक, सगळे तिच्या अंगठ्याखालून येत होते आणि ती प्रत्येकाला तेच सांगत होती, "मी दाबलं."  लोकांनी स्वतःची कोपरं स्वतःच चाचपायला सुरुवात केली. लिफ्टमन काकांपाशी ती पोचली, तेव्हा त्यांनी हात मागे घेतला.

"मला नको सांगू," ते म्हणाले.

तिने सांगितलं नाही. पण त्यांना कळलं होतं.

एवढ्यात मागून कुणीतरी बाबांचंच कोपर पकडलं. बाबा "हाय!" करून उडाले. त्यांच्याकडे कोण आलं, हे त्यांनी जाहीर केलं नाही. पुढच्या आठवड्यात क्लासाला कुलूप दिसलं. काही लोक बाबांवर चिडले, बरेचसे वहिनीवर. भूत घालवणाऱ्याचे आभार मानायला फारसं कुणी येत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, आणखी चार महिने उशीर झाला असता तर चिमटा कायमचा सुटला असता. सुताराने टेबलाचे पाय कापले, पितळेची पट्टी काढली. सुरुवातीला वहिनीला ते बघवलं नाही. सहाव्या महिन्यात रेघ पुसट झाली, मग दिसेनाशी झाली. बोटं पाचही तिची झाली. त्या दिवशी तिला बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं, आणि तिने दोन्ही गोष्टी नणंदेला सांगितल्या. नणंद प्रथमच हळू आवाजात बोलली. दोघींनी उशिरापर्यंत त्याच्या लाजाळूपणाचे किस्से सांगितले.

एके दिवशी लिफ्टमन काका दुकानात आले. मनगटातलं घड्याळ काढून समोर ठेवलं. तिने उघडून पाहिलं. "काका, हे व्यवस्थित चालतंय."

"हो." ते तसेच उभे राहिले. मग बाही वर सरकवली. "एकदा दाबशील का? मला ठाऊक आहे ती नस आहे. फसवू नकोस, नुसतं दाब."

ते काय मागत होते, हे त्या शहरात तिच्याइतकं कुणालाच कळलं नसतं.

"नाही दाबणार," ती म्हणाली. "त्यापायी माझा हात जात होता. नस दुखावली की झिणझिण्या येतात, काका, माणूस येत नाही. जे आपल्याला हवंहवंसं वाटतं, तेच आधी तपासून बघायचं असतं. तिथेच तर आपल्याला फसवतात." तिने बाही खाली ओढून बटण लावून दिलं. "आई कशी होती तुमची?"

"आता कोण विचारतं?"

"मी विचारतेय. बसा."

"रागीट होती," काका बसता बसता म्हणाले. "भयंकर रागीट. करंगळी कसली धरतेय? कान धरायची." आणि ते हसले. तासभर बोलत होते. ती काम करता करता ऐकत होती, मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती.

उठताना ते दारात घुटमळले. "उद्या येऊ?"

"या की," ती म्हणाली. "पण घड्याळ आणायला नको. तुमचं चांगलं आहे."